वर्गखोल्यांचे तापमान : सोलापुरातील एका शाळेत हवामान-न्याय शिकवतानाचा प्रकरण अभ्यास

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत २०२५ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात नववीच्या विद्यार्थ्यांना हवामान बदल आणि सामाजिक विषमता यांचा परस्परसंबंध शिकवण्यात आला. हे अध्यापन चालू असताना एका विद्यार्थिनीच्या नकारामुळे पेच उभा राहिला आणि त्या पेचातून पाठाची सगळी दिशाच बदलली. त्या बदलाची मांडणी येथे केली आहे. अध्यापन भूगोलाच्या शिक्षिकेने केले, विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांनी तिला साथ दिली आणि मी निरीक्षक म्हणून वर्गात बसत असे. शाळेचे किंवा कोणाचेही नाव दिलेले नाही. त्याचे कारण पुढे आपोआप स्पष्ट होईल.

परिसर आणि वर्ग

शाळेभोवतीची वस्ती यंत्रमाग आणि विडी या दोन व्यवसायांवर जगते. अनेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड किंवा उर्दू; शिक्षण मात्र मराठीतून चालते. वडील टॉवेलच्या वा चादरीच्या मागावर पाळीने काम करतात आणि आई घरी विड्या वळते, अशी घरे येथे पुष्कळ आहेत. याच शाळेत सेमी इंग्रजीची एक तुकडी आहे आणि तिच्यात कारखानदार, दुकानदार, शिक्षक व बँक कर्मचारी यांची मुले तुलनेने अधिक आहेत. दोन्ही तुकड्यांचे मैदान एक, प्रार्थना एक, परीक्षाही जवळपास एकच. परंतु शाळा सुटल्यानंतर ती मुले ज्या घरांत परततात, त्या घरांचे छप्पर, पाणी आणि हवा यांत मोठे अंतर आहे.

सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जाणे ही येथे बातमीही होत नाही. शहराची तहान भीमेवरील उजनी धरणावर अवलंबून आहे. त्या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी तिच्यातील निम्म्याहून अधिक, म्हणजे जवळजवळ ६३ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेले तळाचे पाणी, मानला जातो. २०२३ चा पावसाळा कमी झाल्यावर २०२४ च्या जूनमध्ये उजनीची पातळी वजा ६० टक्क्यांच्या जवळ गेली होती, म्हणजे वापराचा साठा संपून मृतसाठ्यातले पाणीही बरेच उपसले गेले होते. शिवाय शहरासाठी नदीतून सोडलेले पाणी भीमेवरीलच औज बंधाऱ्यापर्यंत शेकडो वळणे घेत पोहोचते. शहराला जेवढे लागते त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी सोडावे लागते. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणे हे या मुलांनी जन्मापासून पाहिले आहे. ‘धरण उशाला अन् कोरड घशाला’ ही म्हण त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

नववीला ‘जलसुरक्षा’ हा प्रकल्पावर आधारलेला श्रेणीचा विषय आहे. त्याच्या आणि भूगोलाच्या तासिका जोडून शिक्षिकेने या पाठमालेसाठी वेळ काढला.

दोन कांड्यांचा हिशेब

पहिल्या तासाला शिक्षिकेने विचारले, हवामान बदल रोखण्यासाठी काय करता येईल? उत्तरे ठरलेली आली: झाडे लावावीत, प्लास्टिक टाळावे, दिवे विनाकारण चालू ठेवू नयेत. ही उत्तरे खोटी नव्हेत. परंतु त्या साऱ्या उत्तरांत माणूस सरसकट होता. कोणी जास्त जाळले, कोणी कमी, कोणाला त्याची झळ अधिक लागली, यांचा मागमूसही त्यांत नव्हता. आपल्या शाळांत पर्यावरण हा विषय बहुधा असाच शिकवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले, त्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला. घोषवाक्ये आणि वृक्षदिंडी यांच्या पलीकडे तो विषय फारसा सरकलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मुलाच्या घरात एक पंखा आणि दोन दिवे आहेत, त्याला ‘वीज वाचवा’ एवढेच शिकवून आपण त्याच्या हाती नेमके काय देतो, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारायला हवा.

दुसऱ्या तासाला मुलांना घरून मागाच्या रिकाम्या कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, आणायला सांगितले होते. एक कांडी म्हणजे एका माणसामागे वर्षाला एक टन कार्बन डायऑक्साइड, असे ठरले. टेबलावर अमेरिकेच्या नावाने सुमारे चौदा कांड्या उभ्या राहिल्या, जगाच्या सरासरीच्या नावाने पाचाहून थोड्या कमी आणि भारताच्या नावाने दोन. त्यानंतर शिक्षिकेने काळाचा हिशेब मांडला. औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेतून गेला आहे आणि भारताचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. ब्रिटनने दीडशे वर्षांहून अधिक काळ कोळशावर कारखाने चालवले, त्याच कोळशाच्या वाफेवर मँचेस्टरचे कापड जगभर विकले आणि स्वतःचे शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले. दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडीचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प मात्र २०१७ आणि २०१९ मध्ये, एकेक संच करून, सुरू झाला. १९९२ च्या रिओ परिषदेत जगातील देशांनी ‘सामायिक परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व का मान्य केले, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर मुलांना चटकन कळले.

येथपर्यंत पाठ सुरळीत चालला होता आणि कदाचित येथेच संपलाही असता. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “बाई, भारताच्या दोन कांड्यांतली आमच्या घरची किती?”

या प्रश्नाने पाठाची खोली वाढली. देशाची सरासरी ही देशातील विषमता झाकणारी चादर असते. अमेरिकेपुढे भारत गरीब दिसतो आणि त्या गरिबीच्या आड भारतातील श्रीमंत सुखाने उभा राहतो. गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर हिशेब करून दाखवला. आपल्याकडे विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तासाला साधारण दीड युनिट घेते, म्हणजे आठ तासांच्या रात्रीला बारा युनिट. छताचा पंखा त्याच आठ तासांत ०.६ युनिट घेतो. एकाच शहरातील दोन झोपांमध्ये वीसपटीचे अंतर आहे, हे मुलांनी स्वतः भागाकार करून काढले.

नकार

यानंतरचा टप्पा शिक्षिकेने असा योजला होता: प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचे छप्पर कशाचे आहे, दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता खोलीत किती तापमान असते, घरात थंडाव्याची साधने कोणती आहेत आणि वीजबिल किती युनिटचे येते, याची नोंद तक्त्यात भरायची. सर्वांचे तक्ते एकत्र करून वर्गात भित्तीपत्रक लावायचे. योजना शास्त्रीय होती, मुलांचा सहभागही त्यात होता. कोणत्याही प्रशिक्षणात ती नमुना म्हणून वाखाणली गेली असती.

ठरलेल्या दिवशी बहुतेकांनी तक्ते आणले. एका मुलीचा तक्ता कोरा होता. शिक्षिकेने कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “मी नाही लिहिणार, बाई. आमचं घर तापतं, हे सगळ्यांना कळून काय होणार? कोणी कूलर आणून देणारंय का?” थोडे थांबून तिने पुढे जे सांगितले ते वर्गात कोणी ऐकले नव्हते. तिची आई घरी विड्या वळते. तेंदूची पाने भिजवून मऊ ठेवावी लागतात. वाळली की वळताना फाटतात. “पंखा लावला की पानं वाळायलीत आणि तंबाखू उडतो. म्हणून दुपारी पंखा बंदच असतो. तुमच्या तक्त्यात पंखा आहे का एवढंच विचारलंय.”

हजार विड्यांमागे मजुरी मिळते, आणि खराब ठरवलेल्या विड्या त्यातून वजा होतात. पाने भिजवायला पाणी लागते आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते. उन्हाळा जितका कडक, तितकी पाने लवकर वाळतात, तितके पाणी अधिक लागते आणि तितका वेळ पंखा बंद राहतो. यंत्रमागावरही याच जातीची गोष्ट घडते: कोरड्या हवेत सुताचे धागे अधिक तुटतात, धागा जोडण्यात वेळ जातो आणि ज्याची मजुरी मालावर ठरते त्याची कमाई घटते. उष्णतेची झळ प्रकृतीला लागते हे पुस्तकात असते. ती मजुरीत कशी उतरते, हे त्या मुलीने दोन वाक्यांत सांगितले.

शिक्षिकेने तिच्यावर सक्ती केली नाही, वर्गासमोर समजूतही घातली नाही. “ठीक आहे, तू बस,” एवढेच म्हणून तिने त्या दिवशी गोळा केलेले तक्ते कपाटात ठेवले आणि भित्तीपत्रकाचा बेत थांबवला.

त्या आठवड्यात शिक्षकांमध्ये जी चर्चा झाली तिच्यात तीन मते पुढे आली. पहिले मत असे की नावे न घालता माहिती लावावी. पण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात कोणाच्या घरावर पत्रा आहे हे सर्वांना ठाऊक असते. नाव पुसल्याने ओळख पुसली जात नाही. दुसरे मत असे की घरांचा विषयच सोडावा आणि छापील आकडेवारी वापरावी. त्यात मुलांची अप्रतिष्ठा टळते, परंतु पाठ पुन्हा दूरच्या देशांपुरता उरतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी तिसरा विचार मांडला: आपल्याला विषमता मोजायची असेल तर मुलांच्या घरी कशाला जायला हवे? शाळेच्या इमारतीत ती नाही का?

मला हा या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. हवामान-न्यायाच्या चर्चेत साधारणपणे तीन अंगे मानली जातात: भार आणि लाभ यांचे वाटप कसे होते, निर्णयात कोणाला स्थान मिळते, आणि कोणाच्या अनुभवाची दखल घेतली जाते. घरांच्या तक्त्यात पहिल्या अंगाचा अभ्यास होत होता, पण ज्यांची माहिती घेतली जात होती त्यांना त्या माहितीचे पुढे काय होणार हे ठरवण्याचा अधिकार नव्हता आणि पंखा असूनही तो बंद ठेवावा लागणाऱ्या बाईसाठी त्या तक्त्यात रकानाही नव्हता. दुष्काळी गावांची, झोपडपट्ट्यांची आणि आदिवासी पाड्यांची किती सर्वेक्षणे आजवर झाली आणि त्यातून त्यांच्या पदरात काय पडले, हा जो जुना आणि रास्त सवाल आहे, तोच या मुलीने आपल्या वर्गात विचारला होता. तिने प्रकल्प अडवला असे कोणी म्हणेल. माझ्या मते वर्गातील सर्वांत आधी विषय तिला कळला होता.

शाळेची इमारत

शाळेची मुख्य इमारत दुमजली आहे. तळमजल्यावर कार्यालय, शिक्षक-खोली, ग्रंथालयाचे दालन आणि सेमी इंग्रजीचे वर्ग. वरच्या मजल्यावर सिमेंटच्या स्लॅबखाली काही वर्ग. आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या, ज्यांत नववीची मराठी माध्यमाची एक तुकडी बसते. खोल्यांचे हे वाटप कोणी आकसाने केलेले नव्हते. सेमीच्या वर्गांसाठी देणगीतून मिळालेले प्रोजेक्टर तळमजल्यावर बसवले गेले, म्हणून ते वर्ग तेथे राहिले. विषमता पुष्कळदा अशीच घडते: प्रत्येक पायरीवर निर्णय व्यवहार्य असतो आणि शेवटी पत्र्याखाली तीच मुले उरतात जी घरीही पत्र्याखाली असतात.

मार्चपासून शाळा सकाळी सात ते पावणेबारा भरू लागली. मुलांच्या गटांनी प्रत्येक खोलीत, ठरावीक वेळांना, तापमान नोंदवायला सुरुवात केली. पहिले काही दिवस नोंदी एकमेकींशी जुळेनात, कारण काही गटांनी तापमापक भिंतीला टेकवला होता आणि काहींनी खिडकीतल्या उन्हात धरला होता. या गोंधळातून विज्ञानाच्या शिक्षकांना एक उत्तम पाठ घेता आला. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, सावलीत आणि वाहत्या हवेत ठेवलेला असतो. वर्तमानपत्रात छापून येणारे सोलापूरचे तापमान हे त्या पेटीतले तापमान असते. मैदानी भागात पारा किमान ४० अंश असून सरासरीहून साडेचार अंशांनी वर गेला, किंवा थेट ४५ अंशांना पोहोचला, तर उष्णतेची लाट मानली जाते. तापलेल्या पत्र्याखाली डोक्यापासून काही फुटांवर बसलेल्या मुलाचे तापमान त्या व्याख्येत येत नाही. “म्हणजे लाट जाहीर झाली नाही तरी आमच्याकडे असूच शकते,” असे एका मुलाने म्हटले, आणि विज्ञानाची व्याख्या कोणाचा अनुभव मोजते व कोणाचा नाही, हा प्रश्न त्याने कोणत्याही सैद्धांतिक शब्दाविना गाठला.

पद्धत सुधारल्यावर नोंदींत स्पष्ट आकृती दिसू लागली. सकाळी पहिल्या तासाला सर्व खोल्या जवळपास सारख्या असत. साडेनऊनंतर पत्र्याच्या खोल्या झपाट्याने वर चढत; शाळा सुटण्याच्या सुमारास कार्यालय आणि त्या खोल्या यांतील अंतर सर्वाधिक असे. गणित आणि विज्ञानाचे तास वेळापत्रकानुसार नेमके त्याच वेळी होते. नकार देणारी मुलगी या मोजणीत पहिल्या दिवसापासून होती आणि तिच्या गटाच्या नोंदी सर्वांत नेटक्या होत्या. आपल्या घराविषयी ती पुन्हा काही बोलली नाही, आणि शिक्षिकेनेही विचारले नाही.

दोष आणि जबाबदारी

दोन्ही तुकड्यांना एकत्र बसवून नोंदी मांडल्या तेव्हा सेमीच्या वर्गातील एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “पण आम्ही काय केलं? आम्हाला जो वर्ग दिला त्यात आम्ही बसलो.” दोन-तीन मुले चिडलीही. हे अपेक्षितच होते. विषमता शिकवताना ज्यांच्या वाट्याला सोय आली आहे त्या मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर ती ऐकणे थांबवतात. आणि त्यांची मने जपण्यासाठी विषयच बोथट केला, तर दुसऱ्या मुलांवर अन्याय होतो.

शिक्षिकेने या ठिकाणी कांड्यांचा हिशेब पुन्हा काढला. आज अमेरिकेत नववीत शिकणाऱ्या मुलाने १९०० साली कोळसा जाळला नव्हता, म्हणून तो दोषी नाही. परंतु त्या कोळशावर उभे राहिलेले रस्ते, रुग्णालये, विद्यापीठे आणि संपत्ती त्याला वारशाने मिळाली आहे. तेव्हा त्या धुराचा भार उचलण्यात त्याच्या देशाचा वाटा मोठा असणे न्याय्य आहे. दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. कोपनहेगनच्या हवामान परिषदेत २००९ मध्ये श्रीमंत देशांनी विकसनशील देशांच्या हवामानविषयक कामांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले आणि ते दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये, पुरे झाले. त्याच वर्षी इजिप्तमधील शर्म अल-शेखच्या परिषदेत हानी व नुकसान भरपाईसाठी स्वतंत्र निधी स्थापण्याचे ठरले. तो निधी जागतिक बँकेकडे ठेवण्यास विकसनशील देशांनी विरोध केला होता, कारण पैसा कोणाच्या हातात राहणार हा त्यांच्या दृष्टीने रकमेइतकाच महत्त्वाचा मुद्दा होता. एवढे ऐकल्यावर सेमीच्या त्याच मुलीने विचारले की मग वर्गखोल्यांच्या बाबतीत आमची जबाबदारी कोणती. चर्चा तेथून पुढे गेली.

आणखी एक तास या पाठमालेत कसोटीचा ठरला. एका मुलाचे वडील औष्णिक प्रकल्पावर कंत्राटी कामगार आहेत आणि एकाच्या आजोळी मोहोळ तालुक्यात ऊस आहे. कोळसा वाईट, ऊस पाणी पितो, अशी सरळ वाक्ये फळ्यावर आली तेव्हा ही दोन्ही मुले गप्प झाली. शिक्षिकेने ती वाक्ये पुसली नाहीत, पण त्यांच्याखाली प्रश्न लिहिले. प्रकल्पाची वीज महाराष्ट्राबरोबर इतर राज्यांतही जाते; मग त्याचा धूर सोलापूरच्या खात्यावर का मांडायचा? त्यासाठी पाणी मात्र उजनीचेच लागते, ते कोणाच्या वाट्यातून जाते? तीसहून अधिक साखर कारखाने असलेल्या या कोरड्या जिल्ह्यात शेतकरी ऊस का लावतो? उसाला कायद्याने ठरलेला रास्त व किफायतशीर दर आहे आणि कारखाना तो विकत घेतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती त्या खात्रीने विकत घेणारा कोणी नाही. पाण्याचा हा प्रश्न शेतकऱ्याच्या हव्यासाचा म्हणून शिकवणे सोपे आहे आणि ते साफ चुकीचे आहे. ज्या मुलाचे आजोबा ऊस लावतात त्याला हे कळणे जितके आवश्यक, तितकेच ज्याच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येते त्यालाही.

मागणी आणि तिचे फळ

मार्चअखेर दोन्ही तुकड्यांनी मिळून मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. त्यात तीन मागण्या होत्या: साडेनऊनंतरच्या तासांसाठी वर्गखोल्यांची आठवड्याआड अदलाबदल, पत्र्यावर चुन्याचा पांढरा लेप, आणि कठीण विषयांचे तास सकाळी आधी. अदलाबदलीच्या कल्पनेला मुलांनी ‘पाळी’ हा मागावरचाच शब्द वापरला.

अर्ज लिहिण्याआधी नागरिकशास्त्राच्या तासाला २१ मार्च २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची ओळख करून देण्यात आली होती. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांतून मिळतो, असे त्या निकालात म्हटले आहे. तो दावा माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी होता. राजस्थान-गुजरातमध्ये हे पक्षी ज्यांना धडकून मरतात, त्या वीजवाहिन्यांचा वाद होता. नान्नजचे माळढोक अभयारण्य सोलापूरपासून जवळ असल्याने पक्षी मुलांच्या परिचयाचा, निदान नावाने. समतेचा अनुच्छेद आणि जगण्याचा अनुच्छेद उष्णतेच्या संदर्भात एकत्र येतात, ही गोष्ट त्यांनी अर्जातही लिहिली.

मुख्याध्यापकांनी चुन्याची मागणी लगेच मान्य केली. पांढरा लेप ऊन परतवतो आणि छप्पर कमी तापते. अहमदाबादने २०१३ पासूनच्या उष्णता कृती आराखड्याच्या कामात हा उपाय वापरला आणि शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे धोरण जाहीर केले. लेप दिल्यानंतर मुलांनी पुन्हा मोजणी केली. पत्र्याच्या खोल्या पूर्वीपेक्षा उशिरा तापू लागल्या, तरी तळमजल्याच्या बरोबरीला आल्या नाहीत. वेळापत्रकही बदलले. अदलाबदलीला मात्र सेमीच्या काही पालकांनी हरकत घेतली. आम्ही वेगळे शुल्क भरतो, मग आमच्या मुलांनी पत्र्याखाली का बसावे, असा त्यांचा सवाल होता. मुख्याध्यापकांनी पालकांची बैठक बोलावून नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या आणि त्या मांडण्यासाठी दोन्ही तुकड्यांतील विद्यार्थ्यांनाच उभे केले. हरकत पूर्ण मावळली नाही, पण अदलाबदल वार्षिक परीक्षेपर्यंत चालली. पालकांचा तो सवाल वर्गात नेण्याचे शिक्षिकेने टाळले. मला वाटते तो नेता आला असता, कारण ‘आम्ही पैसे भरतो’ हा युक्तिवाद जगाच्या परिषदांतही ऐकू येतो; परंतु पालकांच्या विधानावर त्यांच्याच मुलांदेखत चर्चा घडवणे किती अवघड असते, हे वर्ग चालवणाऱ्यालाच ठाऊक असते.

जे राहून गेले

पाणी आणि मुली हा धागा या पाठमालेत पुरेसा उलगडला नाही. हजेरीपट पाहिला तर काही मुलींची अनुपस्थिती नळाला पाणी येण्याच्या दिवसांशी जुळते, हे गणिताच्या शिक्षकांच्या लक्षात आले तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. जातीचा उल्लेखही वर्गात झाला नाही. वस्ती, व्यवसाय आणि छप्पर यांच्यामागे जात उभी असते, हे सर्व शिक्षकांना माहीत होते आणि तरीही ती दारे उघडण्याची तयारी त्या वर्षी नव्हती. हवामान-न्याय शिकवू पाहणाऱ्या अन्य शिक्षकांनी या दोन जागांची तयारी आधीपासून करावी.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला मोठा पूर आला आणि माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. तोवर या शिक्षिकेकडे नववीची नवी मुले आली होती. शाळेने धान्य आणि कपडे गोळा केले. त्यानंतरच्या तासाला तिने पंचनामा कसा होतो हे समजावले: पिकाच्या नुकसानीची मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते, ज्याच्या नावे जमीन नाही आणि ज्याची दोन महिन्यांची मजुरी त्या पिकाबरोबर वाहून गेली, त्याला पिकासाठी काहीच मिळत नाही. त्या वर्गात कोणाच्याही घराची माहिती विचारली गेली नाही.

जुन्या तुकडीतील मुलांचा, जी आता दहावीत आहेत, एक अर्ज अजून शाळा समितीपुढे आहे. सकाळची शाळा पावणेबाराला सुटते ती मुलांना उन्हापासून वाचवण्यासाठी. पण ज्यांचे घर शाळेपेक्षा अधिक तापते, त्यांना ती दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी तेथेच परत पाठवते, हे त्यांनी नोंदींच्या आधारे लिहिले आहे. एप्रिलमध्ये बारा ते चार या वेळेत तळमजल्यावरील ग्रंथालयाचे दालन अभ्यासासाठी उघडे ठेवावे, अशी त्यांची मागणी आहे. देखरेखीला कोणी थांबायचे, वीजबिल कोणत्या खात्यातून द्यायचे आणि पिण्याच्या पाण्याची टाकी त्या वेळेपर्यंत पुरेल का, या तीन प्रश्नांवर समितीने कार्यालयाकडून माहिती मागवली आहे.